करदोड्याची जागा

मेडशीहून अकोल्याला निघालेली गाडी घाट उतरून पातूरजवळ आली की आत एक छोटासा विधी होतो. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. सोयाबीनच्या भावाचं चाललेलं असतं, कुणाच्या पोरीचं जमलं-मोडलं चाललेलं असतं, आणि बोलता बोलताच ड्रायव्हरचा हात उजव्या खांद्यामागे जातो. पट्टा छातीवरून ओढला जातो आणि मांडीपाशी मुठीत नुसता धरून ठेवला जातो. खटक्यात घालायचा नाही. देवळाच्या पायऱ्या चढताना खिशातली टोपी डोक्यावर ठेवतात, तसं ते ठेवणं. चौकात पोलीस दिसला तर त्याला छातीवरचा पट्टा दिसावा, नाही दिसला तर मूठ सोडावी. पट्टा सुर्रकन आपल्या बिळात जातो आणि सोयाबीनचा भाव पुढे सुरू होतो.

या विधीला समोरून येणाऱ्यांचाही हातभार असतो. अनोळखी ट्रकवाला दोनदा दिवे मिचकावतो, म्हणजे पुढे साहेब उभे आहेत. बांधाच्या वीतभर जमिनीसाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचणारी आम्ही माणसं, पण इथे कुणाचे हजार रुपये जाऊ नयेत म्हणून केवढा बंधुभाव! २०१९च्या सुधारणेने कायद्यात बेल्ट न लावण्याचा दंड हजार रुपये झाला आणि हा बंधुभाव आणखी घट्ट झाला. बेल्ट न लावता जीव जाऊ शकतो म्हणून मात्र कुणी कुणाला दिवे मिचकावलेले मी पाहिले नाहीत.

मीही यातलाच. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, पोरांना 'रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहा' शिकवलं, आणि स्वतः आयुष्यभर तो पट्टा मुठीत धरून पातूर पार केलं. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते शहाण्याने अडाण्यांना सांगितलेलं नाही, हे आधीच कबूल करतो.

झालं असं, की मायच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अकोल्यात झालं होतं आणि आठ दिवसांनी दाखवायला बोलावलं होतं. भाचा दिवाळीला आलेला. तो चाकणला एका गाड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. स्वतःची गाडी घेऊन आला होता आणि म्हणाला, "मामा, मी नेतो आजीले." सकाळी अंगणात गाडी लागली. मायला मागच्या सीटवर बसवलं, तिच्याजवळ माझी बायको, पुढे मी. किल्ली फिरवायची सोडून भाचा मागे वळला आणि म्हणाला, "आजी, बेल्ट."

"मले कायले बांधतं रे बाबू? म्या का चोरी केली?"

"चोरी नाई आजी. सगयेच बांधतात."

माय क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मानसाले येकदाच बांधतात. अन् त्यावक्ती त्याले कयत नाई."

यावर काय बोलणार? तिरडीचा विषय सकाळी सकाळी गाडीत येऊन बसला. बायकोने "असं काय बोलता सासूबाई" म्हणून घेतलं. भाचा मात्र हसला नाही, रागावलाही नाही. तो गाडीतून उतरला, मागचं दार उघडलं आणि खटका शोधायला लागला.

हे शोधणं म्हणजे उत्खनन होतं. गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने, म्हणजे ज्याच्याकडून भाच्याने ती घेतली त्याने, सीटला जाडजूड कव्हर घातलेलं होतं. दोन वर्षं भाचा एकटाच गाडी चालवत होता, त्यामुळे मागे काय दडलंय हे त्यालाही माहीत नव्हतं. कव्हरची शिवण थोडी उसवून हात आत घातला, तेव्हा आधी शेंगांची टरफलं निघाली. मग एक हेअरपिन, दोन रुपयांचं नाणं, कुठल्या तरी देवाच्या प्रसादाचा कडक झालेला साखरफुटाणा आणि एका लहान मुलाचा मोजा. पातूरला डोंगरात लेणी कोरलेली आहेत, त्यांच्या शोधाला निघालेल्या इंग्रज साहेबालाही एवढा गाळ उपसावा लागला नसेल. शेवटी तळातून तो खटका वर आला. लाल बटणाचा, कोरा करकरीत. कारखान्यातून निघाल्यापासून त्यात कुणी काही घातलेलं नव्हतं.

बांधणं हा शब्दच आमच्याकडे जरा खटकणारा आहे. आम्ही वस्तू बांधतो. कुटाराची गाडी भरली की त्यावरून नाडा टाकून दोघं दोन बाजूंनी पाय देऊन ओढतात, तेव्हा कुठे गाडी हलते. दुधाचे कॅन मोटारसायकलला रबराने आवळतो. सिलिंडर रिक्षाला दोरीने. बैल जुवाला जोत्याने. बकरी तर एसटीत चढवली तरी तिचा दोर सीटच्या पायाला अडकवतात. पण माणूस बांधायचा म्हणजे एक तर तो आरोपी, नाही तर वेडा, नाही तर माय म्हणाली तसा. कुत्र्याच्या गळ्यात असतो तो पट्टा आणि गाडीतला तोही पट्टाच. ज्याला कुणी बांधत नाही तो मोकळा, आणि मोकळा तो मोठा. म्हणून गावातल्या पुढाऱ्याच्या गाडीत एअरबॅग किती हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याला बेल्ट लावलेला पाहिलेला माणूस सापडायचा नाही.

आमच्या तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. अख्ख्या मालेगाव तालुक्यात कशाचाही आधार न घेता बसण्याचा मान त्यांचा एकट्याचा. बाकी आपण सगळे सीटवर बसणारे.

मायचा पट्टा ओढताना पहिला घोटाळा झाला. भाच्याने घाईत हिसका दिला आणि पट्टा जागीच अडकला. पुन्हा हिसका, पुन्हा अडकला. "पाह्य, त्यालेबी मी नाई पायजे," माय म्हणाली. मग भाच्याने पट्टा सोडला, आत जाऊ दिला आणि सावकाश ओढला. आला. हवा तेवढा आला.

"आजी, तू ओढून पाह्य. हळू."

तिने हळू ओढलं, आला. मग तिच्या स्वभावाप्रमाणे एकदम ओढलं, तर थांबला. तिला हे आवडलं. तीन-चार वेळा तिने तोच खेळ केला आणि म्हणाली, "आपल्या ढवळ्यावानी हाये. गोडीनं ओढला त येते, हिसका देल्ला का पाय रोवते."

मी चाळीस वर्षं गाड्यांत बसतो आहे, पण पट्ट्याचं एवढं नेमकं वर्णन कुठे वाचलं नाही. भाच्याने सांगितलं की आत एक रीळ असतं आणि त्यात एक छोटा गोळा किंवा लोलक बसवलेला असतो. गाडी दचकली की तो कलंडतो आणि रिळाच्या दातेरी चाकात खीळ घालतो. म्हणूनच माणसाला एरवी पुढे वाकता येतं, चहा घेता येतो, मागे वळून भांडता येतं. ज्यांना वाटतं बेल्ट आवळून ठेवतो, त्यांनी कधी तो लावलेलाच नसतो. किंवा माझ्यासारखा मुठीत धरलेला असतो, आणि मग अर्थातच हात अवघडतो.

आता दुसरा घोटाळा. पट्टा आला, पण तो मायच्या पोटावर आला. लुगड्याचा ओचा, वर पोट, त्यावर पट्टा. भाचा म्हणाला, "पोटावर नको आजी, खाली घे. हाडावर."

"कोन्त्या हाडावर?"

भाचा गडबडला. कारखान्यात त्याने लोखंडी मानवपुतळ्यांच्या कमरेवर शेकडो वेळा बोट ठेवलं असेल, पण आजीच्या कमरेचं भूगोल-वर्णन कोण करणार? त्याने आपल्याच कमरेवर हात ठेवून दाखवायला सुरुवात केली. मायने चष्म्याच्या वरून, म्हणजे ऑपरेशनच्या काळ्या चष्म्याच्या वरून, त्याच्याकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाली, "करदोड्याच्या जागी म्हन ना मंग!"

आणि पट्टा तिने स्वतःच्या हाताने बरोबर तिथे नेऊन ठेवला.

या वाक्यापाशी मी अजून थांबतो. आमच्याकडे पोरगं बाराव्या दिवशी पाळण्यात घालतात तेव्हापासून त्याच्या कमरेला काळा करदोडा असतो. पोरगं वाढतं, करदोडा बदलतो, पण त्याची जागा बदलत नाही. पोटावर राहिला तर जेवल्यावर काचतो, फार खाली गेला तर गळून पडतो. तो टिकतो कमरेच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या हाडांवर. पोटात हाड नसतं. तिथे दोर आवळला तर आतलं आतडं दुखतं, हे आज्यांना न शिकता ठाऊक होतं. गाडीतल्या पट्ट्याचा खालचा भाग याच दोन हाडांसाठी आहे. गाडी आदळली की माणसाचं सगळं वजन क्षणभर त्या पट्ट्यावर येतं, आणि ते पेलायची ताकद कमरेच्या हाडात, छातीच्या पिंजऱ्यात आणि गळपट्टीच्या हाडात आहे. पोटात नाही. पोटुशी बाई असेल तर पट्टा पोटाच्या खालून, तोही करदोड्याच्याच जागी. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून आणि छातीवरून. काही जण तो काखेखालून घेतात, मान घासते म्हणून. मग बरगड्या मोडायची सोय होते. काही जण पाठीमागून घेतात, त्यांच्याबद्दल पुढे.

भाचा म्हणाला, "मामा, आता ट्रेनिंगमदी हेच सांगतो मी. करदोड्याची जागा." चाकणच्या कारखान्यात बंगाल-बिहारची पोरं आहेत, त्यांना काय कळेल देव जाणे. पण त्यांच्याही आज्यांनी काहीतरी बांधलं असेलच.

तर गाडी निघाली. मेडशी हे गाव सध्या नकाशावर जरा भाव खाऊन आहे. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी करायला घेतला तेव्हा त्याचे तुकडे पाडले: अकोला ते मेडशी एक, मेडशी ते वाशीम दुसरा. त्यामुळे कंत्राटाच्या कागदांवर आमचं नाव वाशीमच्या तोडीस तोड छापून आलं. काम वर्षानुवर्षं रखडलं तेव्हा पेपरातही तेवढ्याच वेळा आलं. जुना रस्ता होता तेव्हा बेल्टचा विषयच नव्हता. खड्डेच असे होते की तीसच्या वर काटा जात नसे, आणि गेला तर गाडी स्वतःच तक्रार करी. आता त्याच वाटेवर पोरं शंभरने जातात. तालुक्याच्या अंगावरून समृद्धी महामार्ग गेलाय, मालेगावला त्यावर चढता येतं आणि तिथे मोटारींना १२० पर्यंत मुभा आहे. रस्ता दोन पिढ्या पुढे गेला, पट्टा मात्र मुठीतच राहिला.

त्याहूनही आधी काळी-पिवळी होती. तिच्यात नऊ माणसांची सोय होती आणि सोळा बसत. ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर, त्याच्या उजव्या हाताला एक प्रवासी, गिअरच्या दोन्ही बाजूंना दोघांचे पाय. गिअर टाकायचा असला की "पाय घ्या हो भाऊ" म्हणायचं. आम्ही इतके घट्ट बसत असू की पडायला जागाच नसे. शेजारचा हाच बेल्ट. ती सवय अंगात मुरली आहे. अजूनही रिकाम्या गाडीत एकटा बसलो की उघडा पडल्यासारखं वाटतं, पण बेल्ट लावावा हे सुचत नाही.

घाटात शिरलो तेव्हा मी माझा ठेवणीतला मुद्दा काढला. घाटात बेल्ट नको, कारण गाडी घसरली तर दार उघडून उडी मारता यायला हवी. हा मुद्दा मी लहानपणापासून ऐकत आलोय. भाच्याने विचारलं, "मामा, या घाटात आजपरेंत कोनी मारली का उडी?" मी आठवून पाहिलं. घाटात गाड्या पडल्या, माणसं गेली, वाचली. पण दार उघडून बाहेर झेपावून, कपडे झटकत उभा राहिलेला एकही माणूस मला आठवेना. तो फक्त सिनेमात असतो आणि त्याच्या मागे गाडीचा स्फोट होतो.

माय मागून म्हणाली, "पन इतकं काय व्हते आदळलं त? म्या समोरची सीट धरीन ना हातानं."

भाच्याने तिला हिशेब सांगितला, आणि हा हिशेब मी मास्तर असून कधी केला नव्हता. गाडी ताशी पन्नासने जात असताना एकदम थांबली, तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा धक्का साधारण ३२ फुटांवरून खाली पडण्याएवढा असतो.

"३२ फूट म्हंजे?"

"आपली मळ्यातली विहीर, आजी. कोरडी."

माय गप्प झाली. ती विहीर तिने बांधताना पाहिली आहे, तिच्या डोक्यावरून त्यातली माती वर आली आहे. "अन् ऐंशीनं?" तिने विचारलं. "ऐंशीनं ब्याऐंशी फूट." एवढी खोल विहीर आमच्या गावात नाही. ती मळ्यातल्या विहिरीवर मळ्यातली विहीर, आणि त्यावर आणखी अर्धी. कुणी तिच्या काठावर उभं राहून 'मी हाताने धरीन' म्हणेल का? मीच हा प्रश्न मनात विचारला आणि पायांनी गाडीच्या तळाला जरा जोर दिला.

मांडीवरच्या लेकराचंही तसंच. दहा किलोचं पोर आईच्या कुशीत सुरक्षित, असं आपण समजतो. पन्नासच्या वेगात गाडी आदळली तर त्या क्षणाला ते पोर दीड क्विंटलच्या वर ओढ घेतं. सोयाबीनचे तीन कट्टे उडत असताना ते हवेत कवळून धरणारी आई अजून जन्माला यायची आहे. कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची खास सीट हवी. पण आमच्याकडे नातवाला पुढे मांडीवर घेऊन 'स्टिअरिंग धर' म्हणणारे आजोबा गल्लोगल्ली आहेत. मीही आहे. होतो म्हणू या.

या पट्ट्याचा जनक कोण, हे मला भाच्याकडूनच कळलं. नील्स बोहलीन नावाचा स्वीडनचा इंजिनिअर. व्होल्वो कंपनीत येण्याआधी तो साब या विमानं बनवणाऱ्या कंपनीत होता आणि तिथे त्याचं काम काय, तर विमान पडायला लागलं की वैमानिकाला सीटसकट बाहेर उडवून देणारी यंत्रणा करणं. माणसाला बाहेर फेकण्यात ज्याचा हात बसलेला, त्याच्याच हातून १९५९मध्ये माणसाला आत धरून ठेवणारा तीन टोकांचा पट्टा झाला. त्याआधी बहुतेक करून नुसता कमरेचा पट्टा असे, तो लावला की माणूस मधोमध दुमडे. बोहलीनने छातीचा आणि कमरेचा एकाच पट्टीत जोडला आणि एका हाताने लावता येईल असा केला. कंपनीने त्याचं पेटंट सगळ्या मोटारवाल्यांना मोकळं करून दिलं. शेजाऱ्याच्या विहिरीवर पंप लावायचा म्हटलं तर आम्ही तलाठ्याकडे धावतो, आणि इथे एका कंपनीने जगाला फुकट पट्टा दिला. तो आम्ही सीट कव्हरखाली पुरला.

पुरला, नाही तर फसवला. २०१९च्या जुलैपासून नव्या गाड्यांत पुढच्या दोघांनी पट्टा लावला नाही की टुंग-टुंग वाजतं. आमच्या ओळखीत एकाने पहिल्याच आठवड्यात यावर उपाय शोधला: पट्टा सीटच्या मागून घेऊन खटक्यात अडकवायचा आणि वर आपण बसायचं. गाडीची समजूत पटते. दुसऱ्याने पुढची पायरी गाठली. त्याने खटक्यात घालायची नुसती जीभ विकत आणली. पट्ट्याशिवाय, चकचकीत, कंपनीच्या चिन्हासकट. अशा जिभा ऑनलाइन इतक्या विकल्या जाऊ लागल्या की २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच मोठ्या विक्री संकेतस्थळांना त्या काढायला सांगावं लागलं. काही विक्रेते तीच वस्तू बाटलीचं झाकण उघडायची म्हणून, तर काही सिगारेट लायटर म्हणून विकत होते. म्हणजे बघा, जीव वाचवायच्या यंत्राला गप्प करायचं आणि त्याच हत्याराने बाटलीही उघडायची. एवढी काटकसर वऱ्हाडी माणसाच्याही डोक्यात आली नसती.

मागच्या सीटचा मान वेगळा. पुढे ड्रायव्हर, मागे साहेब, अशी रीत आहे. त्यामुळे मागे बेल्ट लावणं म्हणजे साहेबाने स्वतःची बॅग उचलण्यासारखं. ३ जून २०१४ला केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत मोटार अपघातात गेले, तेव्हा इथल्या टपरीवर दोन दिवस चहा कडू लागला होता. मागच्या सीटवर होते. साधा पट्टा लावला असता तर माझा मित्र वाचला असता, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन हळहळून म्हणाले. मग ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी नामांकित, एअरबॅगांनी भरलेली. पुढचे दोघं जबर जखमी होऊनही वाचले, मागचे दोघं गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. त्यानंतर मागच्यांनाही दंड म्हणून खूप बोललं गेलं, आणि हा नियम नवाच आला असं लोकांना वाटलं. तो आधीपासूनच होता. नुसता सीट कव्हरखाली होता.

त्याच २०२२ सालच्या केंद्र सरकारच्या अहवालात पट्टा न लावता दगावलेल्यांचा आकडा १६,७१५ आहे. त्यात चालक ८,३८४ आणि इतर प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे-निम्मे. मरणाला पुढची सीट, मागची सीट, ड्रायव्हर, साहेब असा काही भेद कळत नाही. आणि मागचा मोकळा माणूस एकटा जात नाही, तो पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो. हे ऐकल्यावर माझ्या बायकोने मागून माझ्या पाठीकडे पाहिलं असावं, कारण मागे खट्ट असा दुसरा आवाज आला. चौतीस वर्षांच्या संसारात तिने माझी काळजी केली याचा एवढा स्पष्ट आवाज मी प्रथमच ऐकला.

पातूर आलं. माझा हात सवयीने खांद्यामागे गेला आणि तिथे काही सापडलं नाही, कारण पट्टा सकाळपासून छातीवरच होता. चौकात पोलीस उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी एवढं करत होतो, आणि आज खरोखर केलं तर त्याला काही पडलेलं नाही. थोडं वाईट वाटलं.

अकोल्यात डॉक्टरांनी डोळा तपासला, छान म्हणाले. मायने पेढे घेतले. येताना सांज झाली. घाट चढून वर आलो, गावाची पाटी दिसली, आणि माझं बोट आपोआप लाल बटणावर गेलं. याला काय म्हणावं मला कळत नाही. गावात बेल्ट लावून शिरणं म्हणजे गावात गॉगल घालून शिरण्यासारखं. लोक म्हणतील, मास्तर पुण्याहून आलेत वाटतं. खट्ट. पट्टा सुर्रकन गेला. भाच्याने एकदा पाहिलं, बोलला नाही. मामा आहे मी त्याचा.

पहिल्याच वळणावर बकऱ्यांचा कळप आडवा आला. गाडी फार तर वीस-पंचविसाने असेल. भाच्याने ब्रेक दाबला आणि मी नमस्कार घातल्यासारखा समोर वाकलो. दोन्ही हात डॅशबोर्डवर, चष्मा पायाशी, कपाळ काचेपासून चार बोटं दूर. पेढ्यांचा पुडा उडून माझ्या मांडीवर. बकऱ्या आरामात निघून गेल्या.

"लागलं काय रे?" मागून माय म्हणाली. ती जागच्या जागी होती. तिचा ढवळ्या पाय रोवून उभा होता.

घरासमोर गाडी थांबली. बायको उतरली, मी उतरलो, माय उतरेना. मला वाटलं खटका उघडत नसेल. वाकून हात घातला तर तिने झटकला. "राहू दे. च्या आन इथंच." मग शेजारच्या काकू आल्या, त्यांच्या मागे दोन पोरं, मग आणखी कुणी. अंगणातल्या दिव्याच्या उजेडात, काळा चष्मा घातलेली, छातीवरून आणि करदोड्याच्या जागेवरून पट्टा बांधलेली आमची माय सीटवर ताठ बसलेली सगळ्यांनी पाहिली.

"काहून वो, बांधून आनलं काय बुढीले?" काकूंनी मला विचारलं.

"डोया नवा बसवला ना," माय आतूनच म्हणाली. "सांडन म्हनून बांधला."

बायकोने चहा आणला. मायने बशी घ्यायला हात पुढे केला आणि सावकाश वाकली. पट्टा तिच्याबरोबर तेवढाच पुढे आला. तिने चहा बशीत ओतला, एकदा फुंकर मारली आणि प्यायली.